दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे तपासणी नव्हे

खुब्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननं नाही थकवलं तेवढं त्याच्या विम्याच्या मंजुरीनं थकवलं. मांडी घातली की उजव्या जांघेत कळ यायची. सांध्यात औषध सोडून एमआरआय केला, त्यात लॅब्रम, म्हणजे खुब्याच्या वाटीच्या (मांडीच्या हाडाचा गोळा बसतो ती खोबण) कडेची कूर्चा, फाटलेली दिसली. इथवर सगळं सुरळीत.

अडलं टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीतर्फे दावे तपासणाऱ्या संस्थेकडे. हॉस्पिटलच्या विमा डेस्कनं फॉर्मवर 'हिप आर्थ्रोस्कोपी' (खुब्यात दुर्बीण घालणं) एवढंच लिहिलेलं. उत्तर आलं, ही तपासणी आहे, कॅशलेस नामंजूर. पॉलिसीत ०४ क्रमांकाचा अपवाद असतो: निव्वळ निदानासाठी ॲडमिट झालात तर खर्च मिळत नाही. तो मला लावला होता. डेस्कवरच्या ताई रोज म्हणायच्या, "मॅडम, क्वेरीला उत्तर पाठवलंय." एकदा ते उत्तर बघायला मागितलं, तर तोच एमआरआय पुन्हा जोडलेला! ११ दिवस गेले, तारीख दोनदा पुढे ढकलली. माझी रजा सुरू झालेली, सासूबाई गावाहून येऊन थांबलेल्या. शेवटी सर्जनसमोर जाऊन बसले. म्हटलं, "डॉक्टर, नक्की काय करणार ते ओळीनं लिहून द्या."

त्यांनी आधी चित्र काढून दाखवलं. एरवी ट्रॅक्शननं पाय ओढून सांधा ८-१० मिलिमीटर उघडतात आणि एक्स-रेवर बघत सुई आत घालतात. माझी वाटी खोल, कड पुढे आलेली; तशी सुई घातली तर चांगली कूर्चाच खरवडायची. म्हणून ट्रॅक्शन न देता आधी मांडीच्या हाडाच्या मानेजवळच्या कप्प्यात शिरायचं, सांध्याचं आवरण उघडायचं, वाढलेली कड डोळ्यांसमोर तासायची, मगच पाय ओढायचा. ट्रॅक्शनचा वेळही वाचतो. तो २ तासांच्या आत ठेवतात, नाहीतर नसा दुखावतात.

हेच लेटरहेडवर गेलं: कड तासणं, अँकर (हाडात बसणारी छोटी खुंटी) घालून लॅब्रम शिवणं. दुसऱ्या दिवशी मंजुरी! मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

तेव्हा पहिल्याच फॉर्मवर हे सगळं लिहून घ्या. नामंजुरी लेखीच मागा. कंपनीनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही.

हो, कुबड्या ऑपरेशनआधीच आणून उंची जुळवून ठेवा. आणि नंतर मांडीची बाहेरची बाजू बधिर वाटली तर लगेच घाबरू नका, डॉक्टरांना सांगा. कॅमेऱ्याच्या भोकाजवळून त्वचेची एक नस जाते. माझा बधिरपणा आता ओसरतोय. परवा फिजिओनं सायकल २० मिनिटांवर नेली.