जेन्सनची हाडांची भिंत: डायनासोर नॅशनल मॉन्युमेंटला जाताना

डायनासोर नॅशनल मॉन्युमेंट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो आणि युटा या राज्यांच्या सीमेवरचा संरक्षित प्रदेश. डायनासोर नावाचं गाव कोलोरॅडोत आहे, आणि नकाशावर नाव बघून बरेच जण तिथेच पोचतात. गावाजवळच्या कॅन्यन व्हिजिटर सेंटरमध्ये डायनासोरचं एकही हाड नाही. हाडं आहेत युटाच्या बाजूला. त्यासाठी यू.एस. 40 वरून जेन्सनला यायचं आणि 149 नंबरच्या रस्त्याने उत्तरेला सुमारे 7 मैल जायचं. सॉल्ट लेक सिटीहून साधारण साडेतीन तास लागतात, डेन्व्हरहून सहा. मुक्काम व्हर्नलला करावा आणि पेट्रोल, पाणी, खाणं तिथेच भरून घ्यावं. आत मोबाइलला रेंज धरून चालू नका. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

उन्हाळ्यात गाडी व्हिजिटर सेंटरला लावून शटल बसने हाडांच्या खाणीपर्यंत जावं लागतं. हंगाम सरला की आपली गाडी वर नेता येते. वेळा आणि शुल्क बदलत असतात, निघण्यापूर्वी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

वर पोचल्यावर समोर येते ती वाळूच्या खडकाची तिरकी भिंत आणि तिच्यात जागच्या जागी रुतलेली सुमारे 1,500 हाडं. जवळपास 15 कोटी वर्षांपूर्वी नदीच्या पात्रात वाहून आलेले सांगाडे गाळाखाली गाडले गेले. पुढे जमीन उचलली गेली आणि आडवा थर जवळजवळ उभा झाला. बेसॉल्टचा सह्याद्री बघून आलेल्या डोळ्यांना हा खडक अगदी वेगळा वाटतो. आधी वरच्या मजल्यावरून संपूर्ण भिंत बघा, मग खाली उतरा. खाली काही हाडांना हात लावायची मुभा आहे. कोणत्या, ते रेंजरला विचारा.

17 ऑगस्ट 1909 रोजी पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या अर्ल डग्लसला इथे शेपटीचे 8 मणके ओळीने दिसले. त्यानंतर 1922 पर्यंत खोदकाम चाललं आणि सुमारे 350 टन माल पिट्सबर्गला गेला. हाड नुसतं उचललं तर त्याचा चुरा होतो. म्हणून भोवतीच्या खडकासकट त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळत. ही युक्ती तेव्हा नवी नव्हती: 1876 साली मोंटानात जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोपच्या तुकडीतल्या चार्ल्स स्टर्नबर्गने प्लास्टरऐवजी चक्क शिजवलेल्या भाताची खळ वापरली होती. उरलेली हाडं खडकातच कोरून उघडी ठेवावीत आणि वर छप्पर घालावं, ही सूचना डग्लसचीच, 1923 ची. इमारत उभी राहायला मात्र 1958 साल उजाडलं. जीवाश्मशास्त्रावर त्याचे याहून मोठे उपकार कोणते, असं भिंतीसमोर उभं राहिल्यावर वाटतं.

ती इमारत 2006 मध्ये बंद करावी लागली, कारण तिच्या पायाखाली बेंटोनाइटची माती आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पाया हलला, भिंतींना तडे गेले. 2011 मध्ये ती पुन्हा उघडली. पावसात कच्च्या रस्त्यांवर गाड्या अडकतात त्याही अशाच चिकणमातीमुळे. मॉन्युमेंटमधल्याच इको पार्क या नदीकाठच्या जागेचा कच्चा रस्ता पाऊस पडला असेल तर सरळ सोडून द्या. कोरड्यातही उंच गाडीच न्या.

परत येताना शटल न घेता फॉसिल डिस्कव्हरी ट्रेलने पायी उतरा. अंतर 1.2 मैल. वाटेत सावली नाही, पाणी नाही, म्हणून सकाळीच जा आणि माणशी निदान 1 लिटर पाणी ठेवा. ज्या खडकात ही डायनासोरची हाडं आहेत त्या मॉरिसन थराकडे जाणाऱ्या फाट्यावर घाई करू नका. हाडाचा रंग भोवतीच्या खडकाहून जरा गडद असतो आणि तुटलेल्या टोकाला बारीक जाळी दिसते. एकदा नजर बसली की पुढची हाडं आपोआप सापडतात. खडा देखील उचलायचा नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. बाहेरच्या सरकारी जमिनीवरही पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय घेता येत नाहीत.

पुढे कधी पिट्सबर्गला गेलात तर डग्लसला ज्याच्या शेपटीचे मणके दिसले तो डायनासोर, अपॅटोसॉरस, कार्नेगी संग्रहालयात उभा आहे. त्याची कवटी नीट बघा: कित्येक वर्षं त्या मानेवर कॅमॅरासॉरस या दुसऱ्याच डायनासोरचं डोकं होतं, बरोबर डोकं बसलं ते 1979 मध्ये.