बायोस रिसेट केलं पाच मिनिटांत, निस्तरलं संध्याकाळभर

रॅमच्या पाकिटावर ३६०० चा वेग लिहिलाय आणि आपली रॅम धावतेय २१३३ वर, हे मला नको त्या दिवशी कळलं. मग काय, बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) शिरलो, एक्सएमपी, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगाने पळवणारं सेटिंग, चालू केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी.

डिलीटचं बटण बडवून पाहिलं. पण रॅमची तपासणीच पार पडत नसेल तर बायोसचा स्क्रीन येणार कुठून? काही मदरबोर्ड दोनचार वेळा अडखळले की आपणहून जुन्या सेटिंगवर परततात. माझा त्यातला नव्हता.

शेवटी केबिनेट उघडलं. वायर काढली, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलासुरला करंट निघून जातो. मॅन्युअलमध्ये बायोसची सेटिंग पुसणाऱ्या, 'क्लिअर सीमॉस' नावाच्या दोन पिना दाखवल्या होत्या. त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, पण बहुधा नीट टेकलं नसावं, कारण फरक शून्य. मग ती सेटिंग जपणारा सेलच काढायचं ठरवलं. तो नाण्याएवढा सीआर२०३२, ३ व्होल्टचा, बसवलेला नेमका ग्राफिक्स कार्डाखाली! कार्ड काढा, मग सेल. पाच मिनिटं बाहेर ठेवून परत बसवला.

चालू केलं, तर पुन्हा काळी स्क्रीन. इथे मी बटण बंद करणारच होतो. रिसेटनंतर बोर्ड रॅमची जुळणी नव्याने करतो, त्याला मिनिटभर किंवा जास्तही लागतो, हे मला नंतर समजलं. हात आवरला म्हणून बरं. थोड्या वेळाने 'एफ१ दाबून सेटअपमध्ये जा' असा मेसेज आला आणि जीव भांड्यात पडला.

फार वेळ नाही राहिला तो भांड्यात. विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. डिस्क गेली असंच वाटलं. तासभर डोकं खाजवल्यावर आठवलं, विंडोज टाकताना मी साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, 'रेड'वर ठेवला होता, आणि रिसेटने तो गुपचूप 'एएचसीआय' या दुसऱ्या पद्धतीवर नेला होता. परत रेड केलं, विंडोज उघडलं.

तरी ब्राउझर एकही साइट धड उघडेना, प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेटची तक्रार. सेल काढल्यामुळे तारीख काही वर्षं मागे गेली होती, मग साइटची सर्टिफिकेटं वैध कशी दिसणार! ती दुरुस्त केली. पंख्यांचा वेग, बूटचा क्रम, सगळं आठवून आठवून पुन्हा भरलं, आणि या खेपेला बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

एक्सएमपी पुन्हा चालू केलंय, पण वेग हाताने ३२०० वर उतरवून. चालतंय व्यवस्थित. २१३३ आणि ३२०० मधला फरक मला जाणवतो का? खरं सांगायचं तर नाही.