आमची वाटचाल: फक्कीच्या रेघा आणि मेलेले ४०० टॅग

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा आमच्याकडे एक सोल्डरिंग स्टेशन, ५० मीटरचा फायबर टेप आणि माझा भागीदार, एवढंच होतं. तोवर आम्ही फौंड्र्यांना पॅनेल करून द्यायचो. टॅगचा, म्हणजे वस्तूला लावायच्या आणि ती कुठं आहे ते रेडिओवरून सांगणाऱ्या डबीचा, किडा डोक्यात सोडला तो एका फौंड्रीवाल्या काकांनी. गिऱ्हाइकांचे शेकडो पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात ते नमुने) त्यांच्या यार्डात पडलेले. ऑर्डर आली की दोन माणसं अर्धा दिवस ताडपत्र्या उचलत फिरायची. पॅटर्न हरवणं म्हणजे काय, हे फौंड्रीवाल्याला सांगायला नको.

पत्र्याखाली जीपीएसचा उपयोग नाही. म्हणून सेमटेकची एसएक्स१२८० चिप घेतली. २.४ गिगाहर्ट्झला परवाना लागत नाही आणि टॅगपासून अँकरपर्यंतचं, म्हणजे जागेवर पक्क्या बसवलेल्या रेडिओपर्यंतचं, अंतर चिप स्वतःच मोजते. अंतर मोजताना बँडविड्थला (रेडिओच्या पट्ट्याच्या रुंदीला) तीन पर्याय: ४०६, ८१२ आणि १६२५ किलोहर्ट्झ. जेवढी रुंद, तेवढं माप बारीक. आम्ही डोळे झाकून १६२५ ठेवली. गाळ्यातल्या टेबलावर झकास चालायची.

पुढे पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्याची ४०० टॅगची ऑर्डर मिळाली. पेढे वाटले. तीन महिन्यांत फोन यायला लागले की टॅग मरतायत. दोन वर्षं चालायला हवा तो ३.६ व्होल्टचा लिथियम सेल रिकामा! मी सेलवाल्याला शिव्या घातल्या. भागीदार मात्र टेप आणि फक्कीची पिशवी घेऊन त्यांच्या यार्डात गेला, दर दहा मीटरला रेघ मारली आणि टॅग हातात धरून दिवसभर उन्हात चालला. संध्याकाळी त्याचा फोन, "अरे, शेडजवळचे टॅग ठणठणीत आहेत. मेलेत ते सगळे कुंपणाकडचे."

बँड चौपट रुंद केला की गोंगाट ६ डेसिबलने वाढतो आणि मोकळ्या जागेत पल्ला निम्म्यावर येतो. कुंपणाकडच्या टॅगला अँकरचं उत्तर मिळेना, तो पुन्हा हाक मारायचा, पुन्हा, पुन्हा. सेल त्या हाकांत संपत होता.

उपाय भागीदारानंच काढला. टॅगनं आधी ४०६ वर ढोबळ अंतर घ्यायचं. जवळ निघाला तर अँकरनं सांगायचं, आता १६२५ वर ये. लांब असेल तर अरुंदवरच राहा. कुंपणाकडे चार-पाच मीटर इकडंतिकडं झालं तरी पॅटर्न नजरेला पडतोच. आम्ही लगेच नवं फर्मवेअर (टॅगमधला प्रोग्रॅम) टाकलं आणि नव्यानं तोंडावर पडलो. बँड बदलला की कॅलिब्रेशनचा (माप खऱ्या अंतराशी जुळवायचा) आकडाही बदलावा लागतो, ते विसरलो. भिंतीला टेकलेले टॅग रस्त्यापलीकडं दिसायला लागले.

तेवढं निमित्त पुरलं. बिल अडकलं, पाठोपाठ मार्च २०२० आला. आमच्या टॅगची प्लास्टिकची डबी करून देणारा आमचाच एक पुरवठादार ट्रायलच्या वेळी तिथं हजर असायचा, चहा आमचा प्यायचा. त्यानं त्याच कारखान्याच्या साहेबांपुढं ५०० मेगाहर्ट्झ रुंद पट्ट्याचं यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) मांडलं. टेबलावर दहा सेंटिमीटर अचूक! साहेब भुलले. त्या यार्डात दर थोड्या मीटरला खांब आणि केबल लागणार, हे कोणी विचारलं नाही. खांबांचा खर्च पुढं कुणी भरला, हे विचारायला मी आजही तिकडं फिरकलेलो नाही.

जाता जाता सांगतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आज करा. लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण आपण तोंड उघडलं तर. आणि ट्रायलला डबीवाल्याला नेऊ नका.

त्या पहिल्या फौंड्रीवाल्या काकांनी मात्र त्या काळात आमचे जुने टॅग परत केले नाहीत. उलट पुढच्या साठ टॅगचा ॲडव्हान्स रोख दिला. म्हणाले, "ते बारकं यंत्र वाजतंय न्हवं? मग झालं. आकडे तुमी बसवा की सावकाश." कोअर शॉपची (साच्यातले वाळूचे गाभे करतात तिथली) काळी वाळू बसलेले ते टॅग आम्ही त्यांच्याच यार्डात, त्यांच्याच चहावर, एकेक बँड धरून कॅलिब्रेट केले. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

परवा भाचा ५जीचं रेडकॅप वाचत होता. ५जीच्या नियमांच्या रिलीज १७ या आवृत्तीतली ही साधी, स्वस्त उपकरणं, खालच्या फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्यात २० मेगाहर्ट्झ रुंदीवर अडलेली. जागा नीट कळावी म्हणून रिलीज १८ मध्ये त्यांना तुकड्या-तुकड्यानं उड्या मारत १०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा व्यापू देतात. म्हटलं, बघ, मोठ्यांच्याही पायात तोच काटा. भाचा हसला. मी नाही हसलो.

तो टेप अजून गाळ्यात आहे. पहिला मीटर तुटलाय, त्यामुळे एकच्या खुणेपासून धरायचं आणि शेवटी एक वजा करायचा. गेल्या आठवड्यात नवा पोरगा वजा करायला विसरला आणि ८१२ चा अख्खा तक्ता एक मीटरनं चुकला. भागीदार काही बोलला नाही. फक्कीची पिशवी उचलून बाहेर गेला.