उरलेल्या बरण्या

डिसेंबर 2010. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी समुद्रतळाचे नमुने निवडायचं काम करत होते. निवडायचं म्हणजे आई तांदूळ निवडायची तसंच. पांढऱ्या ट्रेमध्ये चमचाभर खडी पसरायची, वर भिंगाचा दिवा, हातात बारीक चिमटा. नमुन्यात रोझ बेंगॉल नावाचा रंग घातलेला असतो, त्यामुळे खडे करडेच राहतात आणि किडे, खेकड्यांची पिल्लं गुलाबी उठून दिसतात. खडीची एक बरणी संपायला कधी एक दिवस लागतो, कधी तीन.

त्या सकाळी आमच्या प्रमुखांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की 31 मार्चला निधी बंद होतोय, तोवर होईल तेवढं संपवायचं. मी मागच्या रॅककडे पाहिलं. बत्तीस बरण्या होत्या.

या निधीबद्दल मला मनापासून आदर होता. ब्रिटनने 1 एप्रिल 2002 पासून रेती, खडी आणि दगडावर टनामागे 1 पौंड 60 पेन्स कर लावला, पुढे तो 2 पौंड झाला. त्यातला एक वाटा बाजूला काढून समुद्रातल्या उपशाचा अभ्यास व्हायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये लागणाऱ्या रेती-खडीचा सुमारे पाचवा हिस्सा तेव्हा समुद्रातून यायचा. ड्रेजर, म्हणजे उपसा करणारं जहाज, संथ चालतं, मागे लोंबणारा पाइप तळावरून ओढला जातो आणि वरचा थर शोषून घेतो. ही खडी हिमयुगातल्या नद्यांनी आणून टाकलेली. त्या नद्या आता नाहीत, म्हणजे गेलेली खडी भरून यायची नाही. आणि याच खडीवर हेरिंग मासे अंडी घालतात. ब्लॅक ब्रीम माशाचा नर शेपटीने वाळू उडवून खडी उघडी करतो आणि तिथे घरटं करतो.

मी दाभोळ खाडीकाठची. आमच्याकडे वाळूचा हिशोब ब्रासवर. स्वामित्वधन भरलं, पावती घेतली, होडी रिकामी केली. वाळू काढल्यावर खाली काय उरतं, हे मी लहानपणी कितीदा विचारलं असेल; उत्तर कुणाकडेच नव्हतं. उपसणाऱ्याच्याच पैशातून ते उत्तर शोधायचं, ही गोष्ट मी पहिल्यांदा इथे पाहिली.

दुपारी मी पुढची बरणी उघडली. ससेक्ससमोरचा, काही वर्षांपूर्वी उपसा थांबलेला पट्टा. हा नमुना उन्हाळ्यात मीच बोटीवर घेतला होता. तिथे हॅमन ग्रॅब, म्हणजे तळाची खडी उचलणारा खोरा, दोनदा रिकामा वर आला, कारण तोंडात गोटा अडकून सगळं वाहून गेलं होतं. तिसऱ्यांदा भरून आला. आता ट्रेमध्ये पहिल्याच चमच्यात एक ढेकूळ पडलं. वाळूचे कण एकाला एक चिकटवून केलेल्या नळ्या, स्ट्रॉएवढ्या, एकमेकींना बिलगलेल्या. इथले मच्छीमार या किड्याला रॉस वर्म म्हणतात. चिमट्याने एक नळी उकलली तर आत गुलाबी किडा, आणि दोन नळ्यांच्या फटीत चार इवले पोर्सेलिन खेकडे.

मी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो डेव्हनचा, तीस वर्षं बोटींवर काढलेला. भिंगातून बराच वेळ बघत राहिला.

"परत आले की काय?" मी विचारलं.

"एका वर्षाच्या नमुन्यावरून कसं सांगणार? पुढच्या उन्हाळ्यात हे तिथे असेल, तर बोल."

त्याचं खरंच होतं. फेलिक्सस्टोच्या पूर्वेला असाच एक पट्टा आहे. तिथला उपसा 1996 मध्ये थांबला, पण सर्वांत जास्त उपसलेल्या भागात चार वर्षांनंतरही जीवसृष्टी आजूबाजूसारखी झालेली नव्हती. हे कळलं, कारण माणसं तिथे पुन्हा पुन्हा जात राहिली.

मग तो डेव्हनमधल्या हॉलसँड्स गावाबद्दल बोलला. त्याच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. 1897 पासून डेव्हनपोर्टच्या गोदीसाठी तिथल्या किनाऱ्यालगतची खडी उपसली. कोळ्यांनी ओरडून सांगितलं होतं. किनारा खचत गेला आणि जानेवारी 1917 च्या वादळात गाव समुद्रात गेलं. "आज एवढ्या जवळ कुणी उपसत नाही," तो म्हणाला, "पण आधी बघायला हवं, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही."

किडे मोजून मी ढेकूळ अल्कोहोलच्या लहान बाटलीत ठेवलं. आतली चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी लागते, शाई विरघळते. स्थानक, खोली, तारीख. नोंदवहीत त्याच ओळीच्या शेवटी 'पुढील नमुना' असा रकाना होता. सवयीने मी तिथे 'जुलै 2011' लिहिलं, आणि सकाळचं बोलणं आठवलं.

31 मार्चला रॅकवर अकरा बरण्या उरल्या. त्या खोक्यात भरताना मी प्रत्येकीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. नोंदवहीतली ती तारीख मात्र मी खोडली नाही.