खारपाणपट्ट्यातले शेतरस्ते : आमची वाटचाल

आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, मुरूम निघत नाही, आणि धंद्याचं सगळं गणित तिथूनच सुरू होतं. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलडाण्याच्या या पट्ट्यात खोदत जा, काळी मातीच लागते. दर्यापूर तालुक्यात वावरात जायचा रस्ता करायचा तर मुरूम-गिट्टी अंजनगाव-परतवाड्याच्या अंगानं आणावी लागते. मालापेक्षा भाडं जड!

वडिलांचा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा धंदा. विटा, रेती, शेणखत, जे मिळेल ते वाहायचे. पांदणीत, म्हणजे वावरात जायच्या वाटेत, मुरूम टाकायची कामंही यायची. ट्रॉली उलटवायची, फावड्यानं पसरवायचं, पैसे घ्यायचे. त्यावर ना पाणी ना दबाई. आषाढ लागला की तो मुरूम गाऱ्यात, म्हणजे चिखलात, गडप, आणि उन्हाळ्यात तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात. सगळ्यांचीच पद्धत तशी होती.

धंदा माझ्याकडे आला तेव्हा जो तो म्हणे, आधी जेसीबी घे, रोजचं काम मिळतं. मी आधी जुना रोलर घेतला. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की हात जाईल अशा भेगा पडतात. खारपाणात तर मिठामुळं पाणी खाली मुरतच नाही, वरच साचतं. अशा मातीवर नुसती गिट्टी टाकली तर दगड खाली जातो आणि गारा वर येतो. दोन पावसाळ्यांत गिट्टी शोधावी लागते.

म्हणून आमचं काम नालीपासून सुरू होतं. दोन्ही बाजूंनी नाली खोदायची, ती माती मधात टाकून रस्ता वावरापेक्षा उंच उचलायचा, त्याची दबाई करायची. मग मुरमाचा पहिला थर. गिट्टी त्याच्यावर, म्हणजे खालची माती तिच्यात घुसत नाही. शेवटी गिट्टीच्या फटी भरायला पुन्हा बारीक मुरूम. मुरूम सैल आठ इंच टाकला तर दबून सहाच्या आसपास बसतो. त्यापेक्षा जाड थर एका वेळी टाकला तर रोलर वरवर दाबतो, खाली पोकळ राहतं. पाणी किती मारायचं ते आमचा रोलरवाला मुठीत बघतो. मुरूम मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे, पण तळहात ओला व्हायला नको. फुटला तर टँकर पुन्हा फिरवायचा, हात माखला तर उन्हं चढेपर्यंत बिडी ओढत बसायचं. रोलर कडेकडून मधाकडे येतो, उलटा नाही. दहा फुटी रस्त्याचा मध कडेपेक्षा अडीच इंच उंच हवा; दोरी लावून मोजतो. त्या अडीच इंचांवरून पाणी नालीत उतरतं.

हिशेबही सांगतो, कारण इथंच जास्त भांडण होतं. एक किलोमीटर लांब, दहा फूट रुंद आणि सहा इंच जाड थराला 164 ब्रास मुरूम लागतो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दबाई धरली की दोनशेच्या वर. पन्नास ब्रासमध्ये किलोमीटर करून देतो म्हणणारा काय देणार आहे, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

“नालीले कायले पैसे? मुरूम टाका न् मोकळे व्हा,” हे वाक्य मी अजून ऐकतो. नाली करू देत नसेल तर काम घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं आणि पहिली काही वर्षं चांगली गिऱ्हाइकं त्यापायी गेली. कास्तकाराचं दुखणंही खोटं नाही. नालीत तीन-तीन फूट जमीन जाते, आणि ती त्याच्या तुरीची असते. नाली केली तरी पुढच्या वखरणीत ती बुजते. आता आम्ही वावरात उतरायच्या जागी नालीत सिमेंटचे पाईप टाकून देतो, म्हणजे बंडी-ट्रॅक्टर कुठूनही घुसत नाही. रस्त्याखालून एक रिकामा पाईपही आडवा सोडतो. नाहीतर ठिबकची नळी न्यायला रस्ता खोदलाच म्हणून समजा!

धंद्याला वळण लागलं ते एका दुधाच्या गोठ्याच्या कामानं. तिथं रोज टँकर आत यायलाच पाहिजे. पावसात दोन दिवस अडला की दूध नासलं. मालकानं नालीवर एका शब्दानं घासाघीस केली नाही. अडचण निघाली ती म्हशींची. ओल्या मुरमावरून कळप गेला की खुरांनी कडा ढासळतात आणि माती नालीत जाते. मग जनावरांची वाट वेगळी काढली आणि नाली ओलांडायच्या ठिकाणी दगड बसवून सपाट उतार दिला. पावसाळाभर टँकर चालला. पुढं वरूड-मोर्शीकडून संत्रावाल्यांचे फोन येऊ लागले. त्यांनाही बागेत भरलेला ट्रक न्यायचा असतो, आणि तिकडं मुरूम जवळ.

2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली तशी सरकारी कामंही केली. काम उन्हाळ्यात, बिल मात्र दिवाळी उलटून गेल्यावर. त्यामुळं अशी कामं आता मोजकीच घेतो.

मशीनपेक्षा जास्त वेळ धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादात जातो. जुनी पांदण गावनकाशावर दुहेरी तुटक रेघेनं दिसते, जागेवर मात्र कुणाच्या तरी पऱ्हाटीत असते. असलेला रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. दोन भावांत बोलणं बंद असताना जेसीबी उभा करून ठेवायची हौस आम्हाला नाही.

आज दोन टिपर, जेसीबी, टँकर आणि तो जुना रोलर अशी आमची जुळणी आहे. कामं हरभरा निघाल्यावर सुरू होतात आणि मृगाच्या आत आवरावी लागतात. म्हणून नकाशा, सातबारा आणि शेजाऱ्याची लेखी संमती घेऊन दिवाळीनंतर लगेच या. एप्रिलमध्ये आलेल्याला आम्ही पुढच्या वर्षाची तारीख देतो.