चिकनच्या पाकिटावरचं 'केज फ्री'

प्राण्यांचे हाल होतात म्हणून फॅक्टरी फार्मचं (हजारोंनी कोंडून वाढवलेल्या प्राण्यांचं) मांस टाळायचं ठरलं की बरेच जण आधी बीफ सोडतात आणि त्या जागी चिकन वाढवतात. हिशोब इथेच फसतो. एका मोठ्या जनावराचं मांस 200 किलोंच्या वर भरतं, एका ब्रॉयलरचं (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचं) जेमतेम दीड-दोन किलो. तेवढ्याच मांसासाठी शंभरावर कोंबड्या, आणि त्याही सगळ्यांत वाईट हालात वाढलेल्या. म्हणून सुरुवात चिकन आणि अंड्यांपासून करा. (कारण हवामानाचं असेल तर हिशोब उलटा, पण तो विषय वेगळा.)

'केज फ्री', म्हणजे पिंजऱ्याशिवाय वाढवलेलं, हे अंड्यांवर लिहिलं असेल तर त्याला अर्थ आहे. चिकनवर जवळजवळ नाहीच, कारण ब्रॉयलर सहसा पिंजऱ्यात नसतातच. ते शेडमध्ये जमिनीवरच्या भुशाच्या थरावर दाटीवाटीने वाढतात. त्यांचं दुखणं जातीतच आहे. पाच-सात आठवड्यांत चढलेलं वजन पायांना पेलत नाही. तेव्हा विक्रेत्याला 'फ्री रेंज (बाहेर मोकळं फिरणारं) आहे का?' विचारू नका, 'हो'च येईल. जात कोणती आणि कितव्या दिवशी कापता, ते विचारा. 40 दिवस म्हणाला तर शेडबाहेर अंगण असून नसून सारखंच. युरोपीय संघात 'पारंपरिक फ्री रेंज' म्हणायला किमान 81 दिवस लागतात.

असा सावकाश वाढलेला पक्षी ब्रॉयलरच्या वेळेत शिजवला तर चिवट लागतो आणि लोक पुन्हा ब्रॉयलरकडे वळतात. झाकण ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास द्या.

अंड्यांचं कोडं जास्त अवघड. लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या) जातीची नर पिल्लं अंडी देत नाहीत, मांसही धरत नाहीत. म्हणून हॅचरीत (अंडी उबवण्याच्या केंद्रात) पहिल्याच दिवशी मारली जातात. फ्री रेंजवाल्याच्या कोंबड्याही बहुधा अशाच हॅचरीतून येतात. जर्मनीने 2022 पासून यावर बंदी घातली. जिथे अशी बंदी नाही, तिथे अंडी कमी करणं हाच खात्रीचा उपाय.

बेकिंगमध्ये ते सहज जमतं: एका अंड्याऐवजी 1 टेबलस्पून जवसाची पूड आणि 3 टेबलस्पून पाणी, 10 मिनिटं मुरवून. कुकीला उत्तम, फेसलेल्या अंड्यावर फुगणारा केक मात्र बसतो. तिथे काबुली चणे शिजवलेलं पाणी 3 टेबलस्पून घेऊन फेसा. पातळ असेल तर फेस धरत नाही, आधी आटवून गार करा.

विकतचं मेयोनेझ, बिस्किटं, स्टॉक क्यूब यांतली अंडी आणि चिकन कुठल्या फार्मची, हे पाकिटावर क्वचितच असतं. ती पिंजऱ्यातली आणि शेडमधलीच धरून चाला.