माडीवरच्या जमिनीलगतच्या खिडक्या

कोकणातली जुनी घरे दुरुस्त करण्याचे काम मी करतो, आणि मुंबई-पुण्याहून येऊन आजोळचे घर पुन्हा राहते करू पाहणारी माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात. माडीवरच्या खिडक्या जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू होतात, घरात आता लहान मुले येणार, आणि ग्रिल बसवली तर समोरची वाडी आणि तिच्यापलीकडची खाडी दिसेनाशी होणार. मग करायचे काय? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात उत्तर दिले की लोक बाजारात जाऊन पहिली दिसेल ती ग्रिल घेऊन येतात.

या खिडक्या इतक्या खाली का असतात, हे आधी लक्षात घ्यावे. माडीवर खुर्च्या नसत. माणसे गादीवर लोडाला टेकून बसत आणि रात्री तिथेच अंथरूण घालून झोपत. मांडी घालून बसलेल्या प्रौढ माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण ७५ ते ८० सेंटीमीटरवर असतो, आणि झोपलेल्याला वारा लागायचा तर तो जमिनीलगतच आत यायला हवा. ज्यांनी ही घरे बांधली त्यांनी खिडकी उघडी टाकलेली नव्हती. झडपांच्या वरची आणि खालची अशा दोन जोड्या असत आणि खालच्या भागाला लाकडी कठडा असे. मात्र तो कठडा बसलेल्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने केलेला, म्हणजे अनेकदा जेमतेम दोन फूट उंच आणि त्याच्या कातीव खांबांमध्ये लहान मूल सहज निसटेल एवढे अंतर. त्यामुळे तो काढून टाकू नये, पण त्याच्यावर विसंबूनही राहू नये.

उंची आणि फट या दोन मापांवर सगळे अवलंबून आहे. गच्ची आणि बाल्कनीच्या कठड्यासाठी आपल्याकडच्या नॅशनल बिल्डिंग कोडने किमान १ मीटर उंची सांगितली आहे आणि माडीवरच्या अशा खिडकीला मी तेच माप धरतो. फट १० सेंटीमीटरहून कमी असावी. डोके बाहेर जाणार नाही एवढी फट चालेल, असे पुष्कळांना वाटते. परंतु मूल पायांकडून सरकले तर अंग बाहेर जाते आणि मान अडकते, म्हणून अंगच जाणार नाही एवढीच फट ठेवायची. न्यूयॉर्क शहराने १९७६ साली, दहा वर्षे किंवा त्याहून लहान मुले राहतात अशा सदनिकांच्या खिडक्यांना गज बसवणे इमारतमालकांवर बंधनकारक केले, आणि त्यानंतर तिथे मुले खिडकीतून पडण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. खिडकीला कायम बसवलेला अडथळा असल्यामुळे हे घडले. कोणी सतत लक्ष ठेवण्यावर ते अवलंबून नव्हते.

आता हा एक मीटर कुठून मोजायचा, हा खरा कळीचा मुद्दा आहे आणि बहुतेक ठिकाणी तिथेच चूक होते. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत साधारण ४५ सेंटीमीटर जाड असते. चौकट बाहेरच्या अंगाला असेल तर आत २० सेंटीमीटर उंचीचा एक रुंद कट्टाच तयार होतो आणि दोन वर्षांचे मूल त्यावर सहज चढून उभे राहते. अशा वेळी कठडा चौकटीत बसवला तर उंची त्या कट्ट्यापासून मोजावी लागते, म्हणजे कठड्याची वरची पट्टी जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर जाते. त्यापेक्षा कठडा भिंतीच्या आतल्या अंगाला, खोलीच्या बाजूने बसवावा. मग मुलाला कट्ट्यावर पाय ठेवताच येत नाही आणि माप जमिनीपासूनच धरता येते. झडपा आत उघडणाऱ्या असल्या तरी सहसा अडत नाही, कारण ९० सेंटीमीटर रुंद खिडकीची प्रत्येक झडप उघडल्यावर भिंतीच्या जाडीतच मावते.

वीस सेंटीमीटरचा हा फरक दृश्याच्या दृष्टीनेही फार मोठा आहे. दूरचे क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर दिसते. गादीवर बसलेल्याचा डोळा ८० सेंटीमीटरच्या आसपास, खुर्चीवर बसलेल्याचा ११५ ते १२०, आणि उभ्या माणसाचा दीड मीटरच्या जवळ. एक मीटरवरची पट्टी या तिघांपैकी कोणाच्याही क्षितिजावर येत नाही. गादीवर बसलेल्याला ती वर राहते, खुर्चीवरच्याला खाली. तीच पट्टी १२० सेंटीमीटरवर नेली की खुर्चीत बसून खाडी पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर ती नेमकी आडवी येते. म्हणून मी नकाशा काढण्याआधी घरातल्या माणसांना त्या खोलीत नेहमीप्रमाणे बसायला सांगतो, दोन खिळ्यांना सुतळी बांधून ती वरखाली करतो आणि मगच पट्टीची जागा ठरवतो. पट्टीची कमीत कमी उंची मात्र एक मीटर, त्यात सवलत नाही.

गज उभेच असावेत, कारण आडव्या पट्ट्यांची मुलांना शिडी होते. बारा मिलिमीटर जाडीच्या गोल सळया मध्यापासून मध्यापर्यंत १० सेंटीमीटर अंतराने लावल्या की ८८ मिलिमीटरची फट राहते आणि समोरचे सुमारे बारा टक्केच झाकले जाते. चपट्या पट्ट्या समोरून बारीक दिसतात खऱ्या, पण तिरके पाहिले की त्या भिंतीसारख्या एक होतात. गोल सळई कुठूनही तेवढीच दिसते. रंग गडद आणि बिनचमकीचा द्यावा. पांढरा रंग प्रकाश पकडतो आणि नजर गजांवरच खिळते, तर काळपट गज झाडीत विरून जातात. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाला गॅल्व्हनाइज केल्याशिवाय हात लावू नये, आणि स्टेनलेस स्टील घ्यायचे तर ३१६ दर्जाचे. ३०४ वर समुद्राजवळ तपकिरी डाग पडतात.

काचेचा पर्याय बरेच जण सुचवतात. काच लावायची तर लॅमिनेटेडच हवी, कारण नुसती टफन्ड काच फुटली की तिचे बारीक तुकडे गळून पडतात आणि खिडकीत मोकळे भोक उरते. लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या थरामुळे जागेवर राहते. तरीही समुद्राजवळच्या माडीसाठी मी काच नको म्हणतो, कारण तिच्यावर मिठाचा पापुद्रा बसतो आणि जमिनीलगतचा वारा बंद होतो, ज्याच्यासाठी ही खिडकी मुळात केली. शहरात सध्या लोकप्रिय असलेली बारीक स्टीलच्या तारांची इन्व्हिजिबल ग्रिल नव्या काँक्रीटच्या इमारतीत चांगली असते. पण त्या तारा ताणून बसवाव्या लागतात, त्या सगळ्यांचा एकत्र ओढा जुन्या लाकडी चौकटीला वाकवतो आणि चौकट वाकली की तारा सैल पडून बोटांनी दूर सारता येतात. मच्छरजाळी हा तर अडथळाच नव्हे. मूल तिला टेकले की जाळीसकट बाहेर जाते, आणि ती समोर असल्यामुळे मोठ्यांनाही खिडकी बंद असल्यासारखे वाटते, म्हणून ती अधिक धोक्याची.

खिडकीशी पलंग, दिवाण किंवा पेटी ठेवू नये. ठेवल्यास एक मीटर तिच्यावरून मोजावा लागेल. तिथे गादीच शोभते. एक मीटरच्या वरचा भाग मी मोकळा सोडतो, कारण आग लागली तर मोठ्या माणसाला कठडा ओलांडून बाहेर पडता आले पाहिजे.

चिरा मऊ आणि सच्छिद्र असल्याने साधे प्लास्टिक प्लग त्यात धरत नाहीत. लांब बोल्ट रासायनिक भरणाने पक्के करून घ्यावेत आणि काम झाल्यावर पट्टीच्या मध्यावर एका मोठ्या माणसाने पूर्ण भार देऊन ढकलून पाहावे. सळया खालच्या लाकडात जिथे शिरतात तिथे पावसाचे पाणी साचते. त्या भोकांना आरपार निचरा ठेवावा आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक टोचून लाकूड कुजले आहे का, वाळवी लागली आहे का ते पाहावे. ही तपासणी वर्षातून दोनदा करावी, एकदा मे महिन्यापूर्वी आणि एकदा गणपतीपूर्वी, कारण घर मुलांनी भरते ते याच दिवसांत, आणि गणपतीच्या वेळी तर लाकडाने नुकताच दोन-तीन महिन्यांचा पाऊस खाल्लेला असतो.